जातं, डफ, संबळ : शाळा सुटल्यानंतरच्या वर्गाच्या नोंदी

२५ जून २०२४, मंगळवार

आज वर्ग सुरू झाला. मंगळवार आणि शुक्रवार, शाळा सुटल्यावर साडेपाच ते पावणेसात. तिसरी ते सहावीची बावीस मुलं, त्यात तेरा मुली. पुण्याच्या कडेची ही वस्ती. निम्म्याहून जास्त घरं बीड, लातूर, जळगाव, सातारा अशा भागांतून कामासाठी आलेली. म्हणजे एका खोलीत चार-पाच मुलखांची गाणी आधीच येऊन बसली आहेत, फक्त त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. याच भरवशावर हे काम हाती घेतलंय.

पहिलाच प्रश्न चुकला. "घरी गाणं कोण गातं?" असं विचारलं. सगळी गप्प. एक जण म्हणाला, पप्पांच्या मोबाईलवर लागतं. दुसरा म्हणाला, गणपतीत डीजे येतो. थोडं थांबून प्रश्न फिरवला, "आजी काम करता करता काही म्हणते का?" लगेच सात हात वर गेले. आपल्याकडे गाणं 'म्हणतात', हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मुलांच्या लेखी गाणं म्हणजे स्पीकरमधून येणारी गोष्ट, आणि आजी करते ते म्हणणं. यापुढे वर्गात हाच शब्द वापरायचा.

वर्षाचा बेत असा: जात्यावरची ओवी, हादग्याची गाणी, पोवाडा, संबळ आणि दिमडीचे ठेके, वेळ उरला तर भारूड. यातल्या दोन गोष्टी मुलांच्या अंगात मुरल्या तरी वर्ष सार्थकी लागेल.

२८ जून, शुक्रवार

आजचा पूर्ण वर्ग पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ते, ठरवण्यात गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

मी माझ्या सवयीच्या काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, ओवी म्हणून दाखवली. मुलांनी मागून म्हटली, पण खालचा सा कुणालाच लागेना. अर्ध्यांनी नुसते ओठ हलवले, बाकीची घोगऱ्या आवाजात पुटपुटली. कुणाला वाटेल मुलं बेसूर आहेत. मुलं बेसूर नव्हती, त्यांच्या गळ्याला तो सा फार खाली होता. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा गळा मोठ्या बाईच्या गळ्यापेक्षा वर मोकळा होतो. सफेद एक करून पाहिली, बरं वाटलं. सफेद दोनला खोली एकदम भरली. मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेल्या दोघांचाही आवाज आला. ओवीचा पसारा मुळात चार-पाच सुरांचा, त्यामुळे सा वर नेला तरी वरचा पंचम ओरडून काढावा लागत नाही. ठरलं, वर्गाची पट्टी सफेद दोन. मला थोडं चढं पडतं, पण गायचं मुलांना आहे.

पेटीही बाजूला ठेवली. ओवीची ओळ संपताना सूर घसरत खाली येतो, शेवटचं अक्षर लांबतं आणि कुठेतरी विरतं. पेटीची पट्टी एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि मुलं कानाला पडेल तेच उचलतात. दोनदा पेटीबरोबर म्हटल्यावर त्यांच्या ओवीच्या पायऱ्या झाल्या, घसरण गेली. आता सुराला फक्त तुणतुणं. एक तार, एक खुंटी, खाली कातडं. तिसरीतल्या मुलांनाही ते धरता येतं, आणि तुणतुणं कोण धरणार यावरून आज पहिलं भांडणही झालं.

५ जुलै, शुक्रवार

मागच्या वेळी गृहपाठ दिला होता, घरून एक ओवी आणायची, पण वहीत नाही, गळ्यात. लिहायला मनाई केली याचं पालकांना नवल वाटलं. एका आईने विचारलंही, "ताई, लिहून घेतलं तर पाठ लवकर होईल ना?" होईल. पण लिहिताना मुलं 'गं', 'बाई', 'सये' हे शब्द गाळतात, कारण त्यांना त्यात अर्थ दिसत नाही. म्हणणारी तिथेच श्वास घेते, तिथेच ओळीला झोका देते. ते गेले की ओवी पुस्तकातल्या कवितेसारखी सपाट होते.

पाच जणांनी ओवी आणली. पाचवीतल्या एका मुलीने बीडकडच्या गावी आजीला फोन लावला होता. आजी आधी म्हणाली, फोनवर कसली ओवी, हाताला काम नसताना सुचत नाही. मग तिने सूप हातात घेतलं, पाखडत पाखडत तीन ओव्या म्हटल्या आणि नातीने फोन कानाला लावून त्या घेतल्या. मुलीने म्हणताना मध्ये मध्ये 'सुप्, सुप्' असा आवाजही तोंडाने काढला. ओवीबरोबर ऐकू आलेला तो आवाज तिला ओवीचाच भाग वाटला होता. मी तो काढायला सांगितला नाही.

ज्यांच्या घरी कुणीच म्हणणारं नाही अशी सहा मुलं आहेत. त्यांच्यासाठी हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उपयोगी पडणार आहे. लाखाहून जास्त ओव्या आहेत त्यात. पुढे तो पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आला, आणि ओवीबरोबर म्हणणारीचं नाव, गावाचं नाव दिलेलं असतं. आज दोन ध्वनिमुद्रणं ऐकवली. मुलांनी आधी विचारलं ते हेच, "ही कुठल्या गावची?"

१२ जुलै, शुक्रवार

जातं आलं. याच नोंदीसाठी वही घेतली होती असं आज वाटतंय.

ते त्याच बीडच्या मुलीच्या घरचं. गावचं घर पडलं तेव्हा तिची आई ते बरोबर घेऊन आली, पण इथे दळायचं कुठे? वरची तळी दारात पायरी झाली होती आणि खालची मोरीत धुण्याचा दगड. आई म्हणाली, "न्या ताई, पण परत द्या. सासूबाईंचं आहे." दोघा वडीलमाणसांनी रिक्षात घालून आणलं. खुंटा मोडलेला होता, सुताराकडून नवा बसवून घेतला. दगडावर टाकीने पाडलेल्या खाचांची धार पार गेली आहे, त्यामुळे पीठ पडत नाही, ज्वारी नुसती भरडते. आम्हाला तेवढं पुरे.

आजवर मुलं बाकावर बसून ओवी पाढ्यासारखी म्हणत होती. हात मोकळे, त्यामुळे लय कुणाच्याच ताब्यात नाही, आणि बावीस जण मिळून म्हणताना ती पळत सुटते. जात्याशी बसल्यावर दगड पळू देत नाही. चार फेऱ्यांत एक ओवी पुरी होते. खुंटा अंगाकडे ओढताना आवाज भरतो, पुढे जाताना सुटतो. दोघी समोरासमोर बसल्या की एकीची ओढ ती दुसरीची सैल. त्यामुळे ओळही आपोआप वाटली जाते. एक उचलते, दुसरी झेलते. हे मी तीन आठवडे तोंडाने सांगत होते आणि कुणाला कळत नव्हतं. दगडाने दहा मिनिटांत शिकवलं.

वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालायला एक हात सुटतो तेव्हा काय करायचं, हे एका मुलीने विचारलं. मी म्हटलं, तूच बघ. तिने मूठ ज्वारी घातली, तेवढ्यापुरतं 'गं' लांबवलं आणि हात खुंट्यावर आला तशी पुढची ओळ धरली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

मुलगे आधी बाजूला उभे होते, हे बायकांचं काम म्हणून. सहावीतल्या एकाने 'ताकद लागते का बघू' म्हणत खुंटा धरला आणि जोरात फिरवला. जातं खडखडलं, ज्वारी बाहेर उडाली. बीडची मुलगी म्हणाली, "ताकद नाही लावायची, वजन सोडायचं." आता चार मुलगे नियमाने बसतात.

शेवटी सांगितलं की बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असं नोंदलेलं आहे. चौथीतल्या मुलीने बोटं मोजून हिशेब केला आणि म्हणाली, म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधी? हो, ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी. तिने जात्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

३० जुलै, मंगळवार

मागचा आठवडा पावसाने बुडवला. आज वाद्यांची पेटी उघडली तर डफाचं कातडं सादळून सैल झालेलं. थाप मारली की भिजल्या गोणीवर मारल्यासारखा आवाज. डफ, हलगी यांना पावसात शेक लागतोच. वर्गात जाळ करता येणार नाही, म्हणून मोठा पिवळा दिवा लावला आणि डफ त्याच्यापासून हातभर अंतरावर धरून फिरवत ठेवला. एकाच जागी तापलं तर कातडं तिथे कडक होऊन फाटतं. मुलांना काम वाटून दिलं. एकाने फिरवायचं, एकाने दर मिनिटाला बोटाने टिचकी मारून आवाज सांगायचा. 'मेलंय', 'उठतंय', 'उठलं' असे शब्द त्यांनीच काढले.

दिमडीवरून वेगळीच गोष्ट निघाली. वाघ्या-मुरळीच्या जागरणात वाजते ती दिमडी पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. पातळ, ताणलं तर खणखणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित आहे, म्हणून आपल्या दिमडीला प्लास्टिकचं पान आहे. आवाज थोडा कोरडा, पण सादळत नाही. हे मुलांना जसंच्या तसं सांगितलं. परंपरेत सगळंच राखण्यासारखं असतं असं मी त्यांना सांगणार नाही. दिमडीचा ठेका राखायचा आहे, घोरपडही राखायची आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पोवाड्याचे दोन वर्ग झाले आणि एका मुलाचा आवाज बसला. चूक माझी. पोवाडा म्हटल्यावर सगळ्या मुलग्यांना शाहीर व्हायचं होतं, मी एकामागून एक सगळ्यांना उभं केलं आणि प्रत्येकाने आधीच्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. पाचवीतला तो मुलगा आज कुजबुजतच आला. पोवाडा दोन आठवडे बंद, त्याला पूर्ण विश्रांती, घरी आईला जाऊन सांगून आले.

चुकीचं मूळ असं की मुलांना पोवाड्यातला जोश गळ्यात वाटतो. तो असतो अक्षरांत. 'खड्ग', 'झडप', 'गर्जला' या शब्दांतली जोडाक्षरं नि कठोर व्यंजनं ओठांवर आणि दातांवर नीट आपटली की मध्यम आवाजातही अंगावर येतं. आज नुसते शब्द कुजबुजत म्हणायला लावले. कुजबुजीत जे स्पष्ट ऐकू येतं ते मोठ्याने म्हणताना चांगलंच लागतं.

दुसरं, झिलकरी. शाहीर एकटा गात नाही. मागे उभे राहून 'जी जी जी' धरणारे असतात म्हणून त्याला श्वास घ्यायला आणि पुढचा चौक, म्हणजे पोवाड्याचा पुढचा भाग, आठवायला वेळ मिळतो. मुलांना ते दुय्यम काम वाटतं. म्हणून नियम केला, आधी चार वर्ग झील धरायची, मग शाहिरी. सूर हलू न देता 'जी' धरून ठेवणं हेच खरं तर अवघड.

अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला आहे. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांनी हाच आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरण्यांच्या वस्त्यांतून लावला. एका मुलीने विचारलं, "म्हणजे कुणीतरी रागावलं की पोवाडा होतो?" यावर एक पूर्ण वर्ग द्यायला हवा.

३० ऑगस्ट, शुक्रवार

भारूड सुरू केलं. एकनाथांची भारुडं मुलांना अभिनयासाठी आवडली, पण सोंग रंगलं की ताल सुटतो आणि ताल धरला की सोंग मरतं. दोन्ही सांभाळायला अजून एक वर्ष लागेल. थांबवलं.

ओवीत मात्र नवीन घडलं. 'पहिली माझी ओवी' अशी सुरुवात करून ती कुणाला तरी वाहायची, ही जुनी रीत. मी म्हटलं, देवाला वाहिली, आईला वाहिली, आता आपल्या गल्लीत बघा. जात्यावर बसूनच करायची, बाकावर नाही. सहावीतल्या मुलीची ही ओवी इथे लिहून ठेवते, कारण ती तिची स्वतःची आहे आणि तिने परवानगी दिली आहे:

पहिली माझी ओवी गं, टँकरच्या पाण्याला
माझ्या गं आईचा हंडा, पहिल्या रांगेला

तिच्या समोर बसलेली लगेच म्हणाली:

दुसरी माझी ओवी गं, पप्पाच्या रिक्षाला
दिवा लागता घरी यावं, जेवाया बसायला

दोन ओव्यांच्या मध्ये जातं थांबलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सूर्य हस्त नक्षत्रात गेला, हादग्याचे दिवस लागले. मी पूर्वतयारी म्हणून दहा गाण्यांचा कागद करून छापून आणला होता. सगळ्यांनी एकच शब्द, एकच चाल म्हणावी म्हणजे फेर जमेल, हा हेतू. पाटावर हत्तीचं चित्र काढलं, भोवती फेर धरला, कागद वाटले.

जळगावकडची चौथीतली मुलगी दारातूनच गुणगुणत आली होती. कागद हातात आल्यावर तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, घडी करून दप्तरात ठेवला आणि त्यानंतर तिचा आवाज आला नाही. फेरात पाय चालत होते, ओठ बंद. मला वाटलं बरं नसेल. वर्ग सुटल्यावर विचारलं तर म्हणाली, "ताई, आमचं चुकीचं आहे. आमच्यात हादगा नाही, भुलाबाई असते. ती या कागदात नाही."

तिच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई-भुलोजी बसतात, रोज संध्याकाळी घरोघर गाणी होतात. साताऱ्याच्या मुलींकडे हादगा, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत सोळापर्यंत. पुण्यातच वाढलेल्या मुलींचा नवरात्रातला भोंडला. तिन्हींत काही ओळी एकसारख्या, काही अगदी वेगळ्या. मी त्यातलं एक रूप कागदावर उतरवलं आणि बाकी दोघींना न बोलता खोटं ठरवलं. मी सोयीचा विचार केला होता, फेर जमण्याचा.

पुढच्या वर्गाआधी सगळे कागद परत मागून घेतले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

तीन फेर धरले. पहिला भुलाबाईचा, जळगावच्या मुलीने उचलला, बाकी सगळ्या मागून. तिला आईकडून आलेली चाल साताऱ्याच्या चालीपेक्षा संथ आहे आणि ओळीच्या शेवटी वर जाते. बाकीच्या मुली तिथे हटकून खाली यायच्या. तिने फेर थांबवून चार वेळा म्हणून दाखवलं, कमरेवर हात ठेवून, माझ्यासारखं. मग हादगा, मग भोंडला. 'आमचंच खरं' म्हणून वाद झाला, पण तो चांगला वाद होता. दोघींनी घरी जाऊन आयांना विचारून यायचं ठरवलं. शेवटी खिरापत ओळखण्यात मुलगे जिंकले.

नियम लिहून ठेवते: गाण्याचं एकच रूप छापायचं नाही. जिची चाल तिने उचलायची, बाकीच्यांनी तिची म्हणून शिकायची.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. शाळेने परिपाठात गाणं मागितलं. मुलींनी टँकरची ओवी म्हटली. मुख्याध्यापकांनी आधी भुवया उंचावल्या, मग पुन्हा म्हणायला सांगितली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सहावीतला एक मुलगा जूनपासून शेवटच्या बाकावर बसतो. गात नाही, झील धरत नाही. पण बोटं सतत बाकावर. आज तुणतुणं जुळवताना खोली शांत होती, तेव्हा ते ऐकू आलं. उजव्या हाताची दोन बोटं टणक, डाव्या हाताचा तळवा घासून जाणारा. हा ठेका ढोलकीचा वाटला नाही, तबल्याचाही नाही. "संबळ?" मी विचारलं. बोटं थांबली. तो खिडकीकडे बघत राहिला आणि पूर्ण वर्ग पुन्हा वाजवलं नाही.

त्याच्या मित्राकडून कळलं ते असं. घर तुळजापूरच्या अंगाचं. वडील गोंधळी, दिवसा रंगकाम करतात, बोलावणं आलं की रात्री गोंधळाला जातात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी वर्गात म्हणालं होतं, तुझे पप्पा मागायला जातात. तेव्हापासून तो घरात वाजवतो, बाहेर नाही.

मी या वर्षाच्या बेतात 'संबळ आणि दिमडीचे ठेके' असं लिहिलं होतं. एका पेनाच्या ओळीत. ज्यांच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना या ओळीची काय किंमत मोजावी लागते, याचा विचार केला नव्हता. आपल्याला लोकसंगीत आवडतं आणि ते म्हणणाऱ्या, वाजवणाऱ्या घरांना दारात उभं करायची लाज वाटते, हे दोन्ही एकाच गावात चालतं. मुलं ते बघतात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराईची बोलावणी, यात त्याचे वडील आज मोकळे झाले. दिवाळीनंतर मी दोनदा घरी जाऊन आले होते. त्यांनी आधीच दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. "ताई, गोंधळ मांडणार नाही. तो देवीचा विधी आहे, त्याला घर लागतं, कुळ लागतं, रात्र लागते. शाळेत नाच म्हणून नाही करणार." दुसरं, दिवटी पेटवणार नाहीत. मी दोन्ही मान्य केलं. मीही एक अट घातली. ते पाहुणे म्हणून येणार नाहीत, शिक्षक म्हणून येतील, मानधन माझ्याइतकंच, आणि हजेरीपटावर सही.

संबळ कमरेला बांधला तेव्हाच मुलं पुढे सरकली. दोन भांडी एकमेकांना बांधलेली, एकाचा आवाज वर आणि टणक, दुसऱ्याचा घुमणारा. एक काठी सरळ, दुसरी टोकाला वाकलेली. वाकलेली घासली की तो गुंगणारा आवाज येतो. त्यांनी कुणालाही काठी दिली नाही. "आधी तोंडात, मग मांडीवर, मग काठीत." पाऊण तास नुसते बोल. तोंडाने म्हणायचे, मांडीवर मारायचे. चुकलं की पुन्हा तोंडात. मी ज्यासाठी जुलै महिनाभर झगडले, तो न लिहिता शिकवण्याचा शिरस्ता त्यांच्याकडे तयारच होता.

डाव्या हाताचं घासणं कुणालाच जमेना. ते मुलाकडे न बघता म्हणाले, "ये रे, दाखव यांना." तो उठला. संबळ त्याच्या कमरेला मोठा होत होता, वडिलांनी पट्टा आवळला. त्याने मिनिटभर वाजवलं असेल. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण जवळजवळ सगळे मांडीवर हात ठेवून तो डावा हात कुठे वळतो ते बघत होते.

जाताना वडिलांनी हजेरीपटावर 'शिक्षक' या रकान्यात सही केली. मुलगा शेजारी उभा राहून ती वाळेपर्यंत बघत होता.

६ डिसेंबर, शुक्रवार

स्नेहसंमेलनाची बैठक. सूचना आल्या: सहा मिनिटं, सगळ्यांना सारखी नऊवारी, आणि गाणं स्पीकरवर, म्हणजे मुलं चुकणार नाहीत. सहा मिनिटं मान्य केली. गाणं स्पीकरवर लावायला नकार दिला. सहा महिने ज्या गळ्यांना बोलतं केलं त्यांना रंगमंचावर ओठ हलवायला लावणार नाही. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी मान्य झालं, पण 'जबाबदारी तुमची' या अटीवर. ती घेतली.

फक्त दोन गोष्टी करायच्या: जात्यावर दोघी, आणि शेवटी संबळावर झिलेसकट पोवाड्याचा एक चौक. संबळवाल्या मुलाच्या वडिलांना विचारलं, पोवाड्याला संबळ चालेल का? म्हणाले, रीत नाही, पण मुलांनी वाजवलं तर मला आवडेल. मग डफच घेतला, आणि संबळ त्याने स्वतंत्र एक मिनिट वाजवायचा ठरलं.

२१ डिसेंबर, शनिवार

झालं. माईक जात्यापाशी खाली ठेवला होता, घरघर सभागृहभर ऐकू गेली आणि पहिल्या ओळीलाच मागच्या रांगांतल्या बायका गप्प झाल्या. तिसऱ्या ओवीला बीडची मुलगी शब्द विसरली. जातं फिरत राहिलं, एक फेरी तशीच गेली, मग समोरच्या मुलीने तिची ओळ उचलली आणि हिने शेवटचा शब्द झेलला. बघणाऱ्यांना ते ठरवलेलं वाटलं. डफाला थंडीत शेक लागला नाही.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

संक्रांतीला बीडहून आजी आली आहे. आज वर्गात आणली. दारातूनच तिने जातं ओळखलं. खुंट्यावर बोट फिरवून म्हणाली, "हा नवा. माझा बाभळीचा होता." मुली दळत होत्या. तिने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "एवढी वैरण कशाला घालता गं? जात्याचा घसा भरला." चिमूट चिमूट घालायला लावली. लगेच दगड हलका झाला आणि ओवीही.

टँकरची ओवी तिला म्हणून दाखवली. तिने दोनदा म्हणायला लावली, 'रांगेला'पाशी मान हलवली. मग पदर खोचून नातीसमोर बसली आणि स्वतः तीन ओव्या म्हटल्या. एक टँकरलाच जोडून, तिथेच केलेली. त्या इथे लिहीत नाही. जळगावची मुलगी, रिक्षावाली आणि संबळवाला मुलगा अशा तिघांनी त्या गळ्यात घेतल्या आहेत, मंगळवारी म्हणून दाखवणार आहेत.

उठताना आजीने भरड चिमटीत घेऊन पाहिली. "टाकी लावून घ्या. असलं दळून कुणाचं पोट भरायचं?" टाकी लावणारा एक माणूस बाजारापलीकडे अजून बसतो, हे संबळवाल्याच्या वडिलांना माहीत आहे. ते सोमवारी त्याला घेऊन येणार. तोवर जातं बंद.